चुन्यानं आखलेलं घर

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी समथरला एका गृहस्थासमोर नकाशा पसरून बसले होते. वहिनी एवढंच म्हणाली, "सुमे, ये." समोरचा माणूस मान डोलावत होता, "हाँ जी, बढ़िया है..." आणि मला दादाचाच राग आला. आता हे "हाँ जी" कोण तपासून घेणार?

श्रीधरदादा माझा आतेभाऊ. झाशीत ओरछा गेटजवळ दोन खोल्यांत त्याचं ऑफिस. तो घरांचे नकाशे काढायचा आणि मी बारा वर्षं त्याच्या हाताखाली होते. आमच्याकडे माणसं इंजिनियरला नाही म्हणत नाहीत. साहेबांनी काढलंय म्हणजे बरोबरच असणार, शिवाय कळलं नाही म्हणायची लाज. मला ते होकार सोयीचे वाटायचे. दादाला त्यांची धास्ती होती.

चिरगाँवच्या चौरसियाजींचं घर मी विसरणार नाही. पुढे किराणा दुकान, मागे राहायच्या खोल्या. नकाशा माझा, सही मी घेतलेली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाया खणायचा होता. संध्याकाळी दादानं चौरसियाजींसमोर नकाशा मुद्दाम उलटा धरला. "ऐसा ही रखें न?" "हाँ जी, बढ़िया." दादाचा चेहरा उतरला. मला म्हणाला, "चुना काढ." मी चिडले. म्हटलं, मजूर ठरलेत, सही झालीय. "सही तुझ्याकडे बघून केलीय त्यांनी," तो म्हणाला, "नकाशाकडे बघून नाही."

मग सगळं घर चुन्यानं जमिनीवर आखलं, दारांच्या जागा मोकळ्या सोडून. दादानं घरच्यांना आत चालायला लावलं आणि विचारलं, घरात अजून कोण आहे? तेव्हा कुठे कळलं की चौरसियाजींची आई अंथरुणाला खिळलेली आहे, महिन्यातून दोनदा तिला खाटेवरूनच गाडीपर्यंत न्यावं लागतं. आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलं नव्हतं. "उठाओ खाट," दादा म्हणाला. चौघांनी शेजारच्या जुन्या घरातून अम्मासकट खाट उचलून आणली आणि रेघांच्या आतून नेली. दुकानाच्या बाजूनं जाणाऱ्या बोळाच्या वळणावर मागच्या माणसाचा पाय रेघेपार गेला, खाट कलली, अम्मानं घाबरून दोरी घट्ट धरली. "रुको!" दादा ओरडला. "अम्मा दीवार में हैं."

चौरसियाजी माझ्यावर उखडले. "दीदी, आपने बताया क्यों नहीं?" माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, नक्शे में तो था जी... दादानं नुसतं माझ्याकडे पाहिलं. मग हात जोडून म्हणाला, "गलती हमारी है." बोळ रुंद करायचा तर दुकानाचे दोन फूट जाणार होते. "दुकान कम नहीं होगी," चौरसियाजी म्हणाले. खाट चौघांच्या हातांत तशीच. शेवटी डोक्यावरचा पदर पुढे ओढून चौरसियाजींची बायको बोलली, "दुकान कम कर लो. अम्मा को टेढ़ी करके नहीं ले जाएँगे." अंधार पडत आला होता. दादानं पायानं रेघ पुसली आणि दोन फूट सरकवून पुन्हा मारली.

दादाचं तेरावं झालं आणि वहिनीनं कपाटातून एक गुंडाळी काढली. त्या दोघांच्या प्लॉटवरच्या घराचा नकाशा. बांधू बांधू म्हणत राहूनच गेलेलं घर. "सोनू विचारतोय, प्लॉट विकायचा का," ती म्हणाली. सोनू तिचा मुलगा. "काय सांगू? मला हा नकाशा कधी कळलाच नाही गं. हे दाखवायचे, मी हो म्हणायचे."

साऱ्या गावाच्या होकारावर संशय घेणाऱ्या माणसानं घरातला होकार मात्र निमूट खरा मानला होता. मला हसूही आलं आणि रडूही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातली चुन्याची पिशवी घेऊन आम्ही प्लॉटवर गेलो. पिशवीच्या तोंडाला दादानं मारलेली गाठ तशीच होती, ती मी सोडवली. रेघा मारून झाल्यावर वहिनी चपला काढून आत आली. "यांची खुर्ची कुठं?" मी स्वयंपाकघराच्या दारासमोरची जागा दाखवली. तिथे उभं राहून तिनं स्वयंपाकघराकडे पाहिलं. "म्हणजे मी पोळ्या करताना समोरच... हे आधी का नाही दाखवलं?"

नकाशात होतं, वहिनी. ओठांवर आलेलं मी गिळलं.

"सोनूला सांग, विकायचा नाही," ती म्हणाली. चपला रेघेपलीकडे दोन पावलांवर पडल्या होत्या. पण वहिनी वळली, सगळं घर फिरून दाराच्या मोकळ्या जागेतून बाहेर आली.