तिसऱ्या गाण्यातली बासरी

रविवारी दुपारी थोरलीने जेवण उरकलं, भांडी घासून पालथी घातली, खिडकीचा पडदा अर्धा ओढला आणि निळी कॅसेट लावली. पहिलं गाणं झालं, दुसरं झालं. तिसऱ्या गाण्यात गाणारी बाई एक ओळ म्हणून थांबते आणि त्या रिकाम्या जागेत एक बारीक बासरी येते. जवळजवळ पन्नास वर्षं ती बासरी येत होती. त्या दुपारी आली नाही. गाणारी बाई थांबली, काही क्षण नुसतं खरखरलं आणि पुढची ओळ सुरू झाली.

थोरलीने टेप मागे घेतली, पुन्हा लावली. नाहीच. वर्षभर ती बासरी जरा जरा लांब जात होती हे तिला कळत होतं, पण तिने खापर फोडलं होतं ते जुन्या टेपवर. जुनी वस्तू, तक्रार तरी काय करणार?

थोरली हे काही तिचं नाव नव्हे. घरात दोघी बहिणी, ही मोठी म्हणून थोरली. आता घरात ती एकटीच होती, त्यामुळे थोरली म्हणायला धाकटीही नव्हती. पण मनातल्या मनात ती स्वतःला अजून त्याच नावाने हाक मारायची. बाहेर तिला सगळे कवळीबाई म्हणत. दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यामागच्या खोलीत बसून ती सदतीस वर्षं कवळ्या बनवत होती. पुढच्या खोलीत पेशंट तोंड उघडायचा, मागच्या खोलीत त्याच्या जबड्याचा साचा यायचा. साचा ओतायचा, मेणात एकेक दात बसवायचा, कवळी तयार झाली की मोटरवर घासून गुळगुळीत करायची. गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू तिच्या हातचं होतं, पण त्यातलं एकही तोंड तिने पाहिलेलं नव्हतं. एकदा बसमध्ये समोरचे आजोबा खळखळून हसले तेव्हा तिने वरचे पुढचे दोन दात ओळखले. तीन वेळा घासावे लागले होते ते. आजोबांना वाटलं, ही बाई आपल्याकडे बघून हसते आहे. तेही पुन्हा हसले.

निळी रेकॉर्ड घरात आली तेव्हा ती अकरा वर्षांची होती. आई गेल्याला वर्ष झालं होतं. बाबा शाळेच्या वर्कशॉपमध्ये सुतारकाम शिकवायचे, मोजकं बोलायचे, आणि आई गेल्यावर तेही बोलणं आटलं होतं. एक दिवस ते जुना रेकॉर्ड प्लेअर उचलून घेऊन आले आणि त्याच्याबरोबर एकच रेकॉर्ड, निळ्याशार कव्हरची. चार गाणी या बाजूला, चार त्या बाजूला. रविवारी जेवणं झाली की तिघं जमिनीवर बसायची आणि आठही गाणी ऐकायची. मधे उठायचं नाही, बोलायचं नाही, आवडतं गाणं आधी लावायचं नाही. धाकटीने एकदा हट्ट केला तेव्हा बाबा म्हणाले, "ज्याने ती गाणी एकामागोमाग लावली, त्याने काही विचार केला असेल की नाही?" एवढं मोठं वाक्य ते महिन्यातून एखाद्या वेळीच बोलत, त्यामुळे ते घरात कायदाच होऊन बसलं.

पुढे रेकॉर्डवर चरे पडायला लागले. बाबांनी ती कॅसेटवर उतरवून ठेवायचं ठरवलं. जोडायची वायर नव्हती, म्हणून त्यांनी शेजाऱ्यांचा टेपरेकॉर्डर मागून आणला आणि स्पीकरसमोर स्टुलावर ठेवला. दारं-खिडक्या लावल्या. थोरली तेव्हा वीस वर्षांची, धाकटी चौदा. दोघींना बजावलं, चाळीस मिनिटं श्वाससुद्धा जपून घ्यायचा. सहाव्या गाण्यापर्यंत सगळं सुरळीत झालं. सहाव्या गाण्यात स्वतः बाबांनाच खोकला आला. दाबू दाबू म्हणता तो असा काही फुटला, की धाकटीने तोंडात ओढणी कोंबली तरी फिसकन हसू सांडलंच. बाबांनी कॅसेट पुसून पुन्हा करायला हवी होती, पण टेपरेकॉर्डर संध्याकाळी परत द्यायचा होता. राहून गेलं ते राहूनच गेलं.

थोरलीच्या आयुष्यात गाण्यांचा दुसरा अल्बमही आला. त्याच्या कव्हरवर एक रिकामी होडी होती. तो दिला होता जमीनमोजणी खात्यातल्या एका कारकुनाने. दाढदुखीसाठी तो दवाखान्यात यायचा. दाढ बरी झाली तरी यायचा. तो शांत होता, आणि गाणं लागलं की बोलत नसे, हा थोरलीच्या लेखी मोठाच गुण होता. दोन वर्षं त्याने वाट पाहिली. पण तोवर बाबांनी अंथरूण धरलं होतं, धाकटी लग्न होऊन परदेशी गेली होती. थोरली त्याला ना हो म्हणाली, ना नाही. शेवटी त्याची बदली झाली. जाताना त्याने पत्ता लिहून दिला. तिने तो होडीच्या कव्हरात ठेवला. वर्षभराने पत्र टाकलं तेव्हा त्याचं लग्न झाल्याचं उत्तर आलं. त्यात राग नव्हता, ख्यालीखुशाली होती. ते वाचून तिला वाटलं, रागावला असता तर बरं झालं असतं. होडीचा अल्बम ती तरीही ऐकत राहिली. माणूस गेला म्हणून गाणी कशी टाकायची?

बाबा गेले तेव्हा धाकटी आठ दिवसांसाठी आली. निघताना म्हणाली, मला बाकी काही नको, निळी रेकॉर्ड तेवढी दे. थोरलीच्या जिवावर आलं, पण धाकटीचा उतरलेला चेहरा बघून तिने रेकॉर्ड टॉवेलमध्ये गुंडाळून बॅगेत सगळ्यांत वर ठेवून दिली. आपल्याकडे कॅसेट आहे की, असं स्वतःला समजावलं. त्यानंतर रेकॉर्ड प्लेअरचं झाकण तिने फारसं उघडलं नाही.

बासरी गायब झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी ती टेपरेकॉर्डर आणि कॅसेट घेऊन टेपवाल्याकडे गेली. असली यंत्रं दुरुस्त करणारा आता तो एकटाच उरला होता. तिने सांगितलं, बाकी सगळं वाजतं, तिसऱ्या गाण्यातली बासरी तेवढी वाजत नाही. त्याने हेड पुसलं, बेल्ट बदलला, कॅसेट लावली आणि मान तिरकी करून ऐकत राहिला. गाणारी बाई थांबली.

"ही काय," टेपवाला म्हणाला. "वाजतेय की."

थोरली त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. त्याने आवाज वाढवला. बाकावर बसलेल्या एका गिऱ्हाईकाने वर्तमानपत्रातून डोकं वर काढलं आणि छान आहे अशा अर्थाने मान डोलवली. थोरलीला खरखर तेवढी मोठी झालेली ऐकू आली.

"हो," ती म्हणाली. "आता वाजली."

घरी येईपर्यंत तिने कशाचाही विचार केला नाही. घरी आल्यावर सगळं एकदम उलगडलं. कुकरची शिट्टी हल्ली ऐकू येत नाही, ती बिघडली म्हणून नवी आणली होती. सकाळी खिडकीतल्या चिमण्या गेल्या कुठे, असं तिने शेजारणीला विचारलं होतं आणि शेजारीण चमत्कारिक नजरेने बघत राहिली होती. चिमण्या होत्या तिथेच होत्या.

कानाच्या डॉक्टरांनी तिला काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले आणि आवाज आला की बटण दाबा म्हणून सांगितलं. ती बटणावर बोट ठेवून बसून राहिली. बाहेर आल्यावर त्यांनी कागदावरची रेघ दाखवली: डावीकडे सपाट चाललेली आणि पुढे कड्यावरून खाली पडावी तशी. कामाच्या ठिकाणी फार आवाज असतो का, असं त्यांनी विचारलं. थोरलीने सांगितलं, घासायची मोटर असते, कानापासून वीतभर लांब. किती वर्षं, तेही सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. बारीक आवाज आधी जातात, म्हणाले. जाड आवाज टिकतात. जे गेलं ते परत येणार नाही, यंत्र लावलं तर बोलणं सोपं जाईल.

दातांच्या डॉक्टरांना तिने हे सांगितलं तेव्हा ते खरोखर कळवळले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी कानांवर लावायची जाड, लाल टोपणं आणून तिच्या टेबलावर ठेवली. बैल गेला आणि झोपा केला. पण माणूस चांगला, म्हणून तिने काही म्हटलं नाही. टोपणं लावून कामाला बसली. मोटरचा आवाज बंद झाल्यावर कळलं, की इतकी वर्षं त्या खोलीत तिला सोबत म्हणून तेवढाच एक आवाज होता.

यंत्र आलं. बोलणं सोपं गेलं हे खरं, पण गाणं मात्र पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखं वाजायचं. दोन रविवार तिने चिकाटीने ऐकलं. तिसऱ्या रविवारी यंत्र काढून ठेवलं आणि बासरीशिवायच गाणं लावलं. गाणारी बाई थांबली की त्या जागेत ती स्वतः मनात बासरी घालायची. कधी जमायचं, कधी उशीर व्हायचा. सहाव्या गाण्यात मात्र बाबांचा खोकला आला, आणि तो असा स्वच्छ, असा जवळ आला की तिने वळून पाहिलं. बाकीचं मागे हटल्यामुळे खोकला पुढे आला होता. त्याच्या पाठोपाठ धाकटीचं हसू यायचं. तिने कान लावून वाट पाहिली. हसू आलं नाही.

त्या संध्याकाळी तिने आपणहून धाकटीला फोन लावला. एरवी फोन धाकटीच करायची, महिन्यातून एकदा, मुलांच्या परीक्षा आणि नवऱ्याचा रक्तदाब एवढं सांगण्यापुरता. थोरली म्हणाली, तुझ्याकडची निळी रेकॉर्ड लाव ना एकदा, फोनवर ऐकते.

"ताई, ती नाहीये माझ्याकडे," धाकटी म्हणाली. "घर बदललं तेव्हा जुन्या सामानात गेली. अठरा वर्षं झाली. तुला सांगायचं धाडसच झालं नाही."

थोरलीला वाटलं होतं तसा राग आला नाही. अठरा वर्षं ती मनाने त्या रेकॉर्डला तिकडे जपत होती: कुठल्या कपाटात असेल, धूळ पुसत असतील का. आता तिथे एक मोकळी जागा झाली. कानांबद्दल ती काहीच बोलली नाही. कॅसेट आहे माझ्याकडे, पाठवते, एवढंच म्हणाली.

टेपवाल्याने सांगितलं, कॅसेट आता फोनवर उतरवता येते. तिला दोन दिवसांनी बोलावलं. ती गेली तेव्हा तो कॉम्प्युटरसमोर बसला होता. म्हणाला, खरखर बरीच कमी केली आहे, आणि सहाव्या गाण्यात मधेच कोणीतरी खोकलंय. आजकाल असलं सगळं काढता येतं, काढून टाकू का?

"हात लावू नका," थोरली म्हणाली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "ते आमचे वडील आहेत."

टेपवाल्याने माऊसवरचा हात उचलला. खरखरसुद्धा होती तशी परत घातली आणि सगळं धाकटीच्या फोनवर पाठवून दिलं.

धाकटीचा फोन आला तो आठवड्याने, भर दुपारी, थोरली कामावर असताना. पुढच्या खोलीतल्या डॉक्टरांनी फोन वाजतोय असं हात करून सांगितलं तेव्हा तिने लाल टोपणं काढली आणि मागच्या जिन्यात जाऊन फोन कानाला लावला. घाईत यंत्र टेबलावरच राहिलं होतं. धाकटीचा आवाज मुळात चिरका. त्यात ती भरभर बोलत होती, आणि बहुतेक रडत होती. थोरलीला शब्दांची नुसती बुडं ऐकू येत होती, शेंडे नाहीत. बाबा, एवढं कळलं. ओढणी, हेही कळलं. मग धाकटी सावकाश म्हणाली, "ताई, माझं हसू आहे गं त्यात. तुला येतं ना ऐकू?"

"येतं की," थोरली म्हणाली. "दर रविवारी."

धाकटी पुढे पुष्कळ बोलली. थोरली हं, हं करत राहिली. एका ठिकाणी तिने हं म्हटलं आणि पलीकडे शांतता पसरली, तेव्हा तिला कळलं की तिथे वेगळं काहीतरी उत्तर हवं होतं. येऊ का, असं धाकटीने विचारलं असेल का? की तू इकडे ये, असं? पुन्हा विचारायला तोंड उघडलं, पण मग सगळंच सांगावं लागलं असतं. तिने कामाचं निमित्त सांगितलं आणि फोन ठेवला. जिन्यात थोडा वेळ बसून राहिली. आत एक वरची कवळी घासायची राहिली होती. ती तिने संध्याकाळपर्यंत पुरी केली.

पुढच्या महिन्यात ती पुन्हा टेपवाल्याकडे गेली. या वेळी दुरुस्तीला काही नव्हतं. तिने त्याला खरं ते सांगितलं, की त्या दिवशी बासरी मला ऐकू आली नव्हती, मी उगाच हो म्हटलं. टेपवाला म्हणाला, मला वाटलंच होतं. मग तिने विचारलं, जाड आवाजाचं काही आहे का, ज्यात बारीक काही नसेल असं. त्याने मागच्या खोक्यांत बराच वेळ खुडबुड केली आणि एक रेकॉर्ड काढली. कव्हर मळकट करड्या रंगाचं, एक खर्जातला पुरुषाचा आवाज आणि एक मोठ्या पोटाचं तारवाद्य. बाकी काही नाही. म्हणाला, हे कोणी नेत नाही, फार संथ आहे.

रविवारी तिने रेकॉर्ड प्लेअरवरची धूळ पुसली आणि ती लावली. यंत्र काढून ठेवलं होतं. पहिला सूर जमिनीतून, तळपायांतून वर आला. काही सुटलं नाही, कुठे रिकामी जागा राहिली नाही. तिने जमिनीवर बसून एक बाजू ऐकली, उठून रेकॉर्ड उलटली, दुसरी ऐकली. या गाण्यांत बाबा नव्हते, होडीवाला नव्हता, धाकटी नव्हती. या गाण्यांची आणि तिची ओळखच नव्हती, आणि साठीला आलेल्या माणसाने नव्याने ओळख करून घेणं जड जातं. रेकॉर्ड संपल्यावर तिला कोणाला तरी सांगावंसं वाटलं. खिडकीशी जाऊन तिने खाली पाहिलं. रस्त्यावर ओळखीचं कोणी नव्हतं.

तिने रेकॉर्डचं नाव कागदावर लिहिलं, फोटो काढला आणि धाकटीला पाठवला. खाली लिहिलं, ऐकून बघ, सुरुवातीपासून ऐक. धाकटीचं उत्तर संध्याकाळी आलं, की हो, नक्की. तिने ऐकली की नाही ते पुढच्या फोनमध्ये निघालं नाही, आणि थोरलीनेही विचारलं नाही. त्यानंतरच्या रविवारी तिने ती पुन्हा लावली.