पुस्तकातल्या बाईच्या घरी कोण?

डॉक्टर गेले, हे मला ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरने बांद्याच्या अलीकडून फोन करून सांगितलं. छातीत दुखायला लागलं तेव्हा ते ओपीडीतच होते. ईसीजी मी काढला, वाचला त्यांनी स्वतःच, आणि म्हणाले, गोव्याला न्यायला हवं. पोचले नाहीत... चौतीस वय. महिना झाला, माझं मन अजून त्याच रस्त्यावर अडकलंय.

सुहास डॉक्टर दोडामार्गचे. आमच्या आरोग्य केंद्रात आले ते बालरोगतज्ज्ञ व्हायचं मनात धरूनच. त्यासाठीच्या प्रवेश परीक्षेला चारदा बसले. दुपारी पेशंट ओसरले की मी पुस्तकातून प्रश्न वाचायचे. पंचेचाळीस वर्षांची स्त्री, पंधरा दिवस ताप, चार पर्याय. यांचं आपलं भलतंच.

"सिस्टर, हिच्या घराक कोण कोण आसत, ता खंय लिवला?"

मी वैतागायचे. अहो, घड्याळ बघा. पण या माणसाला प्रश्नातही पेशंटच दिसायचा. पायाला जखम झालेल्या एका आजीसमोर ते फरशीवर बसले, आधी तिच्या काजूंची चौकशी केली, तेव्हा कुठे तिने कबूल केलं की शुगरच्या गोळ्या ती तांदळाच्या डब्यात लपवते, सुनेला आजार कळू नये म्हणून. हे आधीच्या कुणाला कळलं नव्हतं. परीक्षेत मात्र दर वेळी शेवटचे प्रश्न राहून जायचे आणि रँक घसरायची.

तिसऱ्या खेपेला परीक्षेची तारीख मी गावात सांगून बसले, कौतुकाने. गावचे मानकरी आबा, त्यांनी देवळात नारळ ठेवला, माणसं जमली. मला वाटलं, यशासाठी देवाला गाऱ्हाणं घालतील. आबा म्हणाले, "बा देवा म्हाराजा, ह्या डाक्टराचो नंबर खंय लागूक देव नको. तेका हयच ऱ्हवांदे." सगळ्यांबरोबर मीही म्हटलं, व्हय म्हाराजा. खरं सांगते, मलाही तेच हवं होतं.

दुसऱ्या दिवशी प्रसाद देताना आबांनीच हे डॉक्टरांना सांगून टाकलं. ते हसले.

"सिस्टर, फॉर्मात ह्यां लिवूक जागाच नाय," एवढंच म्हणाले.

नंबर लागला असता तर ते कुठल्या तरी मोठ्या हॉस्पिटलात शिकत असते. छातीत दुखल्यावर दोन मजले वर नेलं की उपचार मिळाले असते... देव गाऱ्हाणं ऐकतो की नाही, मला ठाऊक नाही. मी व्हय म्हटलं होतं, ते मात्र माझ्या कानातून जात नाही.

पुस्तक माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. खूण म्हणून केसपेपरचा तुकडा, आणि समासात त्यांच्या अक्षरात जागोजागी, 'घरी कोण?' आता नव्या डॉक्टरीणबाई आल्यात. चांगल्या आहेत, पोरं त्यांच्याकडे रडत नाहीत. त्यांच्याही टेबलावर तसंच जाडजूड पुस्तक. परवा आबा बीपी तपासायला आले, जाताना हळूच माझ्यापाशी थांबले.

"बाय, हेंची परीक्षा कधी आसा गो?"

तारीख मला पाठ आहे.

"माका म्हायत नाय," मी म्हटलं, आणि ड्रॉवर लावून घेतला.