कडेवरचा भाऊ

भवानी पेठेतल्या बालवर्गात मी शिकवायला लागले, तेव्हा शाळा चालवणाऱ्या मंडळाच्या अध्यक्षांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "बाई, आपलं दार सगळ्या मुलांना उघडं आहे." मला ते वाक्य फार आवडलं होतं. त्या वयात वाक्यं पटकन आवडतात.

त्या दारातून एका सकाळी पाचेक वर्षांची एक पोर आली, ती कडेवर तान्हा भाऊ घेऊनच. कुंभारी गावाकडून पोटासाठी शहरात आलेली माणसं. आई कापडगिरणीत रिळावर सूत गुंडाळायला. पोर भावाला मांडीवर घेऊन बसली. तो रडेना की चुळबुळ करेना. किती गुणाचं बाळ, असं मी म्हणाले खरी. पण दुपारी त्याची पापणी उचलून पाहिली, तर डोळ्यातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी.

"काय दिलंय गं याला?"

"गोळी. भोंग्याच्या आदी आई देती. मग त्यो दिसभर निजतो की."

अफूची गोळी. गिरणीतल्या पुष्कळ बायका देत. त्यांना नावं ठेवणाऱ्यांनी एक दिवस तान्हं मूल घरी टाकून यंत्रापुढं उभं राहून दाखवावं.

संध्याकाळी मी तिच्या आईला गाठलं. ती उसळलीच. "गोळी न्हाय दिली तर ह्या पोरीला त्यो आवरंल व्हय?"

"वर्गात आणू दे. आम्ही आवरू," मी म्हणाले.

जुनं लुगडं तुळईला बांधून मी वर्गातच झोळी केली. गोळी सुटली आणि बाळ रडायला लागलं, ते सगळा वर्ग दणाणून जाईपर्यंत. मुलं पाळीपाळीनं दोरी ओढत. सगळ्यांना चावणारा एक दांडगोबा होता, तोसुद्धा बाळाला पाहून मवाळ होई. हळूहळू बाळ हसायला लागलं. त्याच्या बहिणीचे दोन्ही हात मोकळे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. तिनं मातीचा बैल केला, त्याला शिंगं लावली, आणि दिवसभर तो कुणाला हात लावू दिला नाही. मी इतकी सुखी फार थोड्या वेळा झाले आहे.

मग बऱ्या घरच्या पालकांनी कुरकुर केली. अध्यक्ष आले, झोळीकडं पाहून म्हणाले, "बाई, ही शाळा आहे, पाळणाघर नव्हे."

"दार सगळ्यांना उघडं, असं आपणच म्हणाला होतात."

"मुलांना. तान्ह्यांना नव्हे."

तो कडेवर नसेल तर ती तरी कशी येणार, हे मी परोपरीनं सांगितलं. भांडले, अगदी रडलेसुद्धा. झोळी सोडावी लागली. दुसऱ्या दिवशी पोर दारापर्यंत आली, "मग ह्याला कुटं ठिवू?" म्हणाली, आणि त्याला कडेवर सावरत परत गेली. घरी पुन्हा गोळी सुरू झाल्याचं मला शेजारणीकडून कळलं. मी पोरीच्या आईकडं गेले, पण तिला सांगण्यासारखं माझ्याकडं आता काय होतं?

दिवाळीची सुट्टी संपून वर्ग भरला त्या दिवशी ती वेळेवर आली. एकटी. केस विंचरलेले होते.

"बाळ कुठं गं?"

"त्यो निजला, त्यो उठलाच न्हाय," ती म्हणाली. मग मला धीर द्यावा तशी म्हणाली, "बाई, आता मला रोज येता येतंय की."

मी तिला आत घेतलं. प्रार्थनेला सगळी मुलं सरळ उभी राहिली. ती मात्र डावी कंबर बाहेर काढून, एका बाजूला कलून उभी होती.