दिवा विझवणारा बाप

माझा मामा बोटीवर इंजिनखोलीत कामाला होता. गुडघा कामातून गेला तेव्हा तो कायमचा गावी परतला आणि आमच्याच शेजारी राहू लागला. मी त्या वेळी गावातल्या प्राथमिक शाळेत शिक्षिका होते. शाळा सुटली की मी त्याच्या ओटीवर जाऊन बसायची. त्याच्याकडे सांगायला जग होतं.

एकदा त्याची बोट दुरुस्तीसाठी इटलीच्या एका बंदरात महिनोन् महिने अडकून पडली होती. तिथल्या देवळाचा, म्हणजे चर्चचा, उत्सव आला. आपल्याकडे जत्रेत नाटक होतं तसा तिथे चर्चपुढच्या पटांगणात गाण्यातला खेळ झाला. ऑपेरा. पात्रं बोलतच नाहीत, रागावलं तरी गातात नि मरतानाही गातात. मामाला भाषेतलं काही कळेना, पण बोटीवरचा एक गोवेकर बटलर त्याच्या शेजारी बसून पोर्तुगीजच्या आधाराने कळेल तेवढं सांगत होता. हा खेळ तिथेही कोणी सहसा करत नाही, असं त्या बटलरला कुणीतरी सांगितलं होतं. लोकांना शेवट सोसवत नाही म्हणून.

गोष्ट अशी. बंदरावरचा दिवा सांभाळणारा एक म्हातारा. त्याची मुलगी पलीकडच्या, वैर असलेल्या गावच्या खलाशाबरोबर निघून जाते. म्हातारा मनात डूख धरतो. एका वादळी संध्याकाळी त्या खलाशाची होडी येताना दिसते आणि तो दिवा विझवून टाकतो. होडी खडकावर फुटते. तिच्यात मुलगीही असते. बापाची माफी मागायला ती परत येत असते.

मामाने ही गोष्ट आमच्या नाटकमंडळींना सांगितली तेव्हा मी तिथे होते. दर वर्षी देवीच्या जत्रेला गावची पोरं नाटक बसवायची. त्या वर्षी हेच करू या, असं आमच्या हेडमास्तरांच्या डोक्यात बसलं. संवाद नि पदं तेच लिहिणार होते. म्हाताऱ्याचं काम कोण करणार याबद्दल मात्र कुणीच बोलेना. गावात तसा गळा एकाचाच होता, माझ्या वडिलांचा. आणि माझी थोरली बहीण चार-पाच वर्षांपूर्वी आमच्या दुकानात खोबरं घ्यायला येणाऱ्या एका ख्रिश्चन मुलाबरोबर गोव्यात निघून गेली होती.

ती गेल्यावर बाबांनी आमच्या घरात तिचं नाव बंद केलं. पुढे गोव्याची हद्दही बंद झाली. गोव्यात पोर्तुगीज आणि इकडे आपले पोलीस. दोडामार्गापलीकडे जायचं म्हणजे रानातून चोरवाटेने. बहिणीला मुलगा झाला हे आम्हाला तशा वाटेने आलेल्या कुणाकडून तरी समजलं. आई ते ऐकून न्हाणीघरात जाऊन रडली. बाबा दुकानात खोबरं तोलत राहिले.

हेडमास्तर बिचकतच आमच्या घरी आले. बाबांनी सगळी गोष्ट मान खाली घालून ऐकली. आई दाराआड उभी होती. बाबा आता उठून जातील असं मला वाटलं. पण ते मला म्हणाले, "चेडवा, पेटी हाड." मी आतून पेटी आणून दिली.

मामाला त्या ऑपेरातली एकच चाल पाठ होती, बापाच्या शेवटच्या विलापाची. तो शीळ घालून ती वाजवायचा. बाबा पेटीवर सूर शोधत बसले. चाल आपल्या सुरांत बसेना. भैरवीच्या जवळ येई आणि भलतीकडे वळे. बाबा म्हणत, "परत वाजव." मामा शीळ घाली. बाबांची बोटं पट्ट्यांवर थबकत. तीन-चार संध्याकाळी असंच चाललं. मग एके दिवशी चाल सापडली. ते ती सबंध गायले आणि मामा पंच्याने तोंड पुसत म्हणाला, "हीच ती. अगदी हीच."

आईने मामाला अंगणात गाठलं. "माझ्या घोवाक ह्यो खेळ कित्याक दिलंस रे?"

"मी नाय दिलंय गो. तेंका होयो होतो, तेनी घेतलो," मामा म्हणाला. तो खरं बोलत होता की नाही, मला आजही सांगता यायचं नाही.

मुलीचं काम करणारा पोरगा ऐन वेळी गोवराने आजारी पडला. माझं नाव निघालं. बाईने रंगभूमीवर उभं राहायचं हे आमच्या गावात तोवर घडलं नव्हतं. पण समोर सख्खा बाप काम करणार म्हटल्यावर लोकांना बोट ठेवायला जागा उरली नाही. बाबा नुसते म्हणाले, "पाठ कर नीट."

खरी अडचण पुढेच होती. देवस्थानच्या मानकऱ्यांना शेवट कळला आणि त्यांनी आम्हा सगळ्यांना देवळात बोलावलं.

"देवीच्या अंगणात मरणाचो खेळ कित्याक?" त्यांतला थोरला मानकरी म्हणाला. "दशावतारात रडारड काय कमी आसता? पण शेवटाक देव येता आणि सगळा बरा करता. तुमचो देव खंय आसा?"

शेवटाला देव आणून मुलीला उठवायची तयारीही आमच्यातल्या काहींनी दाखवली. मामा रागाने निघून जायला लागला. तेव्हा बाबा पहिल्यांदाच बोलले.

"बाप चुकलो तर देवान येवन कित्याक निस्तारूचा?"

थोरल्या मानकऱ्याने बाबांकडे बराच वेळ पाहिलं. त्याच्याही घरातल्या गोष्टी गावाला ठाऊक होत्या. मग त्याने तोडगा काढला. आमचा खेळ दिवस मावळताच व्हावा आणि लगेच त्याच मांडावर दशावतार उभा राहावा. "तुमचा काय ता रडगाणा आधी होवंदे. मागसून दशावतारी देव येतलो नि राक्षसाक मारतलो. लोक घराक जातले ते बऱ्या मनान."

जत्रेला त्या वर्षी गर्दी दांडगी होती. कुणकेश्वराकडचे मासेमार आपल्या बायकापोरांसह आले होते. एक जुनी पात, म्हणजे छोटी होडी, उभी चिरून तिचा अर्धा भाग आम्ही मांडावर वाळू पसरून ठेवला होता. बंदराचा दिवा म्हणून बांबूला गॅसबत्ती टांगली होती. तालमीत बाबा सगळं बिनचूक म्हणायचे, पण दुकानात भाव सांगावा तसं. हेडमास्तर धास्तावले होते. मला मात्र आपल्याच ओळींची धास्ती होती.

खेळ सुरू झाला आणि ती धास्ती गेली. बाप-लेकीच्या भांडणाचं पद गाताना मी त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. घरी मी असं कधी पाहिलं नव्हतं. नंतर त्यांनी गॅसबत्तीची चावी फिरवली. बत्ती सुस्कारा टाकून मंद होत विझली आणि पुढे बसलेल्या मासेमारांच्या बायकांमधून एकदम आवाज उठला, "अरे, नको रे!" त्यांना वादळात समुद्राकडे डोळे लावून बसणं माहीत होतं.

मला उचलून आणून वाळूवर निजवलं. डोळे मिटलेले. आता बाबांनी माझ्याजवळ बसून नाटकातलं नाव घेऊन हाक मारायची आणि मग विलाप सुरू करायचा, असं ठरलेलं. ते बसलेले मला जाणवले. त्यांचा हात माझ्या कपाळावर आला. थंडगार होता. पेटीवाल्याने सूर धरला. हाक येईना. त्याने पुन्हा सूर धरला.

"बायो," बाबा म्हणाले.

मला ते आयुष्यभर 'चेडवा' म्हणत आले. बायो म्हणत ते ताईला.

मी मेलेली होते. मला डोळे उघडता येत नव्हते, रडताही येत नव्हतं. छाती हलू नये म्हणून मी श्वास दाबून धरला. "बायो गो," ते पुन्हा म्हणाले, आणि मग गायला लागले. ती परक्या देशातली चाल, मामाने शीळ घालून आणलेली. आवाज मध्येच फाटला, त्यांनी तो सावरला नाही, तसाच पुढे नेला. बायकांमध्ये माझी आई बसली होती. ती पदर तोंडात धरून बसली होती, असं तिच्या शेजारणीने मला मागाहून सांगितलं.

पडदा ओढल्यावर टाळ्या पडल्या नाहीत. लोक नुसते बसून राहिले. मग दशावताराच्या मृदंगावर थाप पडली आणि सगळे जरा हलले.

बाबा देवळामागच्या विहिरीवर खोबरेल लावून तोंडाचा रंग काढत होते. मी जवळ जाऊन उभी राहिले. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "पदात एक जागा चुकली माझी." मी म्हटलं, "कुणाक कळली नाय." एवढंच आमचं बोलणं झालं. घरी ताईचं नाव त्यानंतरही निघालं नाही.

पुढच्या वर्षी डिसेंबरात गोवा मोकळा झाल्याचं रेडिओवर ऐकलं. बाबा दुकानातून लवकर घरी आले आणि आईला म्हणाले, "चार नारळ नि कुळथाचा पीठ बांधून ठेव." कुठे, कशाला, आईने विचारलं नाही. हद्दीवरची वर्दळ जरा निवळल्यावर बाबा नि मी निघालो. कसालला गाडी बदलली, पुढे सावंतवाडी, मग दोडामार्ग. तिथून बरंच पायी. बाबा वाटेत एकदाही बसले नाहीत.

ताई अंगणात मिरच्या वाळत घालत होती. तिने आम्हाला पाहिलं आणि हातातलं सूप तसंच धरून उभी राहिली.

"कशी आसस?" बाबांनी विचारलं.

"बरी आसंय," ती म्हणाली. मग तिला रडू फुटलं.

बाबा तिच्या घरचं पाणी पिणार नाहीत हे तिला माहीत होतं. तिने काही न विचारता नवऱ्याला माडावर चढवून शहाळं काढवलं. बाबा ओटीवर बसून ते प्यायले. तिचा मुलगा खांबाआडून त्यांना बघत होता.

"तुमी नाटकात काम केलात म्हणान आयकलंय," ताई म्हणाली. "काय होता त्या नाटकात?"

बाबा सांगू लागले, सावकाश, पहिल्यापासून. दिवा, म्हातारा, निघून गेलेली मुलगी. वादळात होडी दिसू लागते तिथे ते थांबले.

"मगे?" ताईने विचारलं.

"मगे काय," बाबा म्हणाले, "इली ती घराक."

ताईने माझ्याकडे पाहिलं. मी मान वळवली.

त्या दिवशी बाबा जेवले नाहीत. पुढच्या भेटीतही नाही. तिसऱ्यांदा आईही बरोबर होती. ताईने सगळ्यांची पानं वाढली आणि बाबांचंही वाढलं, ते घेतील न घेतील तिकडे लक्ष न देता. ते पाटावर येऊन बसले. आमटीभात कालवला, पहिला घास घेतला आणि म्हणाले, "मीठ कमी पडला गो." ताई मीठ आणायला आत गेली ती बराच वेळ बाहेरच आली नाही. तिचा नवरा उठून मीठ घेऊन आला. बाबांनी त्याच्याच हातून ते घेतलं.