बाकावरची चुंबळ

माझं अक्षर वाकडं आहे, शुद्धलेखनही चुकतं. कुणी वाचलंच तर सांभाळून घ्यावं.

आज दवाखान्यात हिरव्या चुड्यातली एक मुलगी बाकावर एकाच मांडीवर भार देऊन बसली होती. मी ओळखलं. पापड लाटताना कित्येक वर्षं मीही तशीच बसले. योनीच्या तोंडाशी आग व्हायची आणि डॉक्टरांना नुसतं "खाली दुखतं" सांगून मी मलम घेऊन यायची. इथल्या डॉक्टरीणबाईंनी कापसाची काडी हलकेच टेकवून विचारलं, "इथे? की इथे?" तेव्हा नसांचं दुखणं सापडलं. गोळ्या आणि व्यायामानं आता पुष्कळ उतरलंय.

बसायला म्हणून अजूनही पिशवीत ठेवते ती चुंबळ मी तिच्यापुढे धरली.

"मावशी, ही तर डोक्यावर घागरीखाली ठेवतात!"

"बसून तर बघ. मधे पोकळ आहे, दुखरी जागा टेकत नाही."

ती बसली आणि हसलीच. घागर टोचू नये म्हणून आपण कापड गुंडाळतो. स्वतःच्या दुखण्याला मात्र साधा शब्दही देत नाही.

"आत लाजू नकोस. बोट ठेवून जागा दाखव."

तिला हाक आली. थोड्या वेळानं पडद्याआडून तिचा आवाज आला, "हो बाई, इथेच."

रिकाम्या चुंबळीशेजारी मी सरळ मांडी घालून बसले.