पांजणीचं पटांगण

“तू यांच्यातलीच ना? मग सांग यांना तुमच्या भाषेत, काही त्रास होणार नाही म्हणून.”

मॅडमनं माईक माह्या हातात कोंबला. गावच्या सभेत समोर माही माय, काकू, आमचा सारा विणकरांचा मोहल्ला. उमरेडकडच्या आमच्या गावावरून नवी विजेची लाइन जाणार होती. तिच्यानं झाडा-पाखरांचं, माणसाचं काय होईल, हे तपासाचं काम नागपूरच्या आमच्या कंपनीकडे. तिथं मी नोकरीले, मॅडमच्या हाताखाली.

खरं सांगू? मॅडमवर मी लय जळत होती. डिग्री दोघींची एकच. साहेब तिले ‘आपण’ म्हणत, मले ‘ए, पाणी आण’. तिचं इंग्रजी, तिचा बूट, खुर्चीत रेलून बसणं, सारं मले पाहिजे होतं.

पण त्याच्याहून जास्त जळली मी एका लॉनवर. पहिले लाइन गावाबाहेरच्या फार्महाउसवरून होती. मालकाचा फोन आला, लॉनवरून तारा दिसतील. झालं. नकाशावर लाइन वळली, अन् टॉवर आला आमच्या पटांगणात.

तिथं रोज पहाटे आम्ही ताणा लावतो. लांबच्या लांब सूत ताणून त्याले कुंच्यानं खळ देतो. तेच पांजणी. ऊन चढलं की धागा कडक होऊन तुटते, म्हणून सकाळीच सारं गुंडाळून घरात. मॅडमची टीम आली भर दुपारी. मले त्या दिवशी नदीकडे पाखरं पाहाले धाडलं होतं. त्याइले दिसली मोकळी माती. लिहून टाकलं, पडीक जमीन.

आज सभेले येताना गाडीत मी सांगितलं, “मॅडम, तिथं पांजणी होते.”

“अगं, हातमाग आता म्युझियममध्ये असतात.” सारी गाडी हसली. माह्या मायचे हात त्याच खळीनं फाटले आहेत.

अन् आता माईक माह्या हातात. काकू उठली. “काहून वं पोरी, तूच आम्हाले उठवून राहिली का?”

अंगाची आग झाली. मी माईकवर म्हटलं, “यांचं म्हणणं आहे, काही होत नाही. मी म्हणते, पांजणी बंद पडते. टॉवर इथं नाही पाहिजे.”

मॅडमनं माईक ओढला. मी सोडला नाही.

नोकरी गेली. जळणं नाही गेलं, अन् जाऊही नये. फक्त मॅडमसारखं होणं आता नाही पाहिजे. त्या लॉनले भेटलं ते वळण पाहिजे, आमच्या मातीले.

सध्या रोज पहाटे मायसोबत कुंचा घेऊन मी पटांगणात उभी असते. टॉवर रोवाचा असेल त्यानं दुपारी येऊ नये. सकाळी यावं, आमचा ताणा लागला असताना.