पाठीवरची पानं

परवा बँकेच्या रांगेत पुढच्या बाईच्या स्वेटरवर पानांची सुंदर वीण दिसली आणि मी तिच्या पाठीवरचे टाकेच मोजायला लागले. ती पुढे सरकली तरी माझं आपलं मोजणं चालूच. शेवटी मागून कुणीतरी ओरडलं, "आजी, चला की!"

घरी येऊन सुया घेतल्या. चारदा विणलं, चारदा उसवलं. तेवढ्यात सूनबाई मोबाइल घेऊन आली. "आई, हा बघा व्हिडिओ. दोन मिनिटांत येईल. कशाला डोळे फोडताय?"

म्हटलं, "बंद कर तो आधी."

रागावले नव्हते हो. पण त्या व्हिडिओतली बाई एकदाही चुकत नाही, मग पान का झुकतं ते ती मला काय सांगणार? माझं पान भलतीकडे झुकलं तेव्हा कळलं, जिथे दोन टाके एकत्र घ्यावेत तिकडे ते ओढलं जातं. आयतं उत्तर मिळालं असतं तर एवढी ओळख झालीच नसती.

"अहो, अशानं थंडी संपेल!" सूनबाई हसली.

"संपू दे. पुढच्या थंडीत मी माझी स्वतःची वीण काढणार आहे. ती शोधून दाखव म्हणावं तुझ्या मोबाइलला!"